गोंदिया ते रायपूर, दोन दिवस: एस्प्रेसो शिकायले गेली होती त्याची गोष्ट

दोन रात्री झाल्या, मी झोपली नाही. माही पोरगी तनू चार महिन्याची आहे, ती झोपली नाही म्हणून मी पण नाही. अन् ती काहून नाही झोपली, तं मी रायपूरले कॉफी पिऊन आली म्हणून. आता सकाळचे अकरा वाजले. ती माह्या छातीवर पडून टकामका पाहून राहिली, अन् मी मोबाईलमधी बोलून बोलून हे टाइप करून राहिली. माहं शिक्षण आठवी. चुकलं तं समजून घ्या.

ह्या पेजवर मी लोकाईच्या सहली रोज वाचते. कोणी केरळले जाते, कोणी बर्फात जाते. मी कोठीच जात नाही. गोंदियाले सासूबाई अन् मी घरी बिड्या वळतो. आमचे हे, विकास, हैदराबादले फरशी बसवाच्या कामावर आहेत, तीन महिन्यानं येतात. तनू झाली तेव्हापासून घरातला तंबाखू मले दिसते. पयले दिसत नव्हता. मांडीवर तंबाखूचं सूप घेतलं का ती शिंकते. खोली एकच आहे, तिले नेऊ कोठी?

तशातच निलूचा फोन आला. निलू माही शाळेतली मैत्रीण, रायपूरच्या एका कॉफीच्या दुकानात गल्ल्यावर बसते. म्हणे, "आमच्या मॅडमले मशीनवर बाई पाहिजे. पोट्टे टिकत नाहीत. दोन दिवस शिकवतील, हात बसला तं ठेवतील. येतं का?"

मी म्हटलं, "मले तं कॉफी म्हणजे पुडीतली माहीत."

"तेच शिकवतात ना बाप्पा!"

विकासले फोन केला. ते म्हणे, जा, पाहून ये. सासूबाई म्हणे, "लेकराची माय कॉफी करायले चालली. आता हेच पाहाचं राह्यलं होतं." पण सकाळी डब्यात चार पोळ्या अन् लसणाची चटणी त्यायनंच बांधून देल्ली.

ज्यायले लेकरू घेऊन जाचं आहे त्यायच्यासाठी सांगते. सकाळची गाडी धरा, जनरलचं तिकीट शंभराच्या आत होते. साडेतीन-चार तास लागतात. खिडकी धरू नका, दरेकसाच्या बोगद्यात गाडी शिरली का आवाजानं लेकरू दचकते. माही तं एवढी रडली का समोरच्या बाईनं आपल्या पदरानं तिचे कान झाकले. डोंगरगड आलं का डब्यात वडे-भजे विकणारे चढतात, गरम असले तंच घ्या. दूध पाजाले वरची ओढणी मोठी ठेवा. बाकी सगळे पाहतात, पण जागा पण तेच देतात.

आता एक गोष्ट मले सांगाच लागते, नाही तं पुढचं समजणार नाही. रायपूर माहं माहेर आहे. मी गुढियारीत जन्मली, तिथंच वाढली. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाले होते. माय-बाबा दोघंही गेले, आता घरी बिपीनदादा अन् वहिनी आहेत. दादा रेल्वेच्या शेडमधी कामाले आहे. त्यानं माह्यासाठी रेल्वेतला पोरगा ठरवला होता. मी विकाससोबत रजिस्टर लग्न केलं, निलू साक्षीले होती. दादा म्हणे, आता गुढियारीत पाय ठेवू नको. आपल्या फोनवर माहा नंबर त्यानं बंद करून टाकला. तनू झाली हे पण त्याले दुसऱ्याकडूनच समजलं असंल. समजलं का नाही, मले माहीत नाही.

रायपूर टेसनाले दोन बाजू आहेत. एका बाजूनं निघालं का शहर, दुसऱ्या बाजूनं निघालं का गुढियारी. आमचं घर तिथून पायी दहा मिनिटं. मी पुलावर चढली तं पाय आपोआप गुढियारीकडं वळले. मंग थांबली, तनूले दुसऱ्या खांद्यावर घेतलं अन् शहराकडं उतरली. आपल्याच गावात ऑटोवाल्याले पत्ता विचारत गेली. तो म्हणे, "दीदी, पहली बार आई हो रायपुर?" मी म्हटलं, "हव भैया."

दुकान काचेचं आहे. आत थंड, अन् वास असा का चणे भाजता भाजता थोडे जळले तं येते तसा. मॅडमनं तनूले मागच्या खोलीत झोपवाले जागा देल्ली, दुधाचे खोके बाजूले सरकवून चादर हातरली. म्हणे, "दो दिन चलेगा. पर काम पक्का हुआ तो बच्ची शिफ्ट में नहीं, हाँ?" मी मान हलवली.

शिकवणारे टिकेंद्र भैया, तिकडचेच, आरंगकडचे. तुम्ही कॉफीच्या दुकानात गेले तं घाबरू नका म्हणून मी समजलं तसं सांगते. सगळ्याची माय म्हणजे एस्प्रेसो. ताजी दळलेली कॉफी एका दांडीच्या वाटीत दाबून भरतात, मशीन तिच्यातून जोरानं गरम पाणी काढते, अन् दोन घोटाची काळी दाट कॉफी पडते. वरतं मधाच्या रंगाची साय येते. त्याच्यात गरम पाणी टाकलं तं अमेरिकानो. वाफेनं फुगवलेलं दूध अन् जाड फेस टाकला तं कापुचिनो. दूध जास्त, फेस पातळ, तं लाटे. एका कपाले दीडशेच्या वर लागतात. गोड पाहिजे असंल तं साखर मागून घ्या, ते आपल्या मनानं टाकत नाहीत.

वाटीत अठरा ग्राम भरा लागते. भैयानं वजनकाटा देल्ला. मी चिमटीनं भरली, काट्यावर ठेवली. अठरा. त्यायनं पाडून पुन्हा भराले लावली. पुन्हा अठरा अन् वर थोडीशी.

"दीदी, पहले कहीं काम किया है?"

"बीड़ी बनाते हैं न भैया. पत्ते में तंबाकू कम पड़ा तो ठेकेदार बीड़ी वापस फेंकता है."

ते हसले अन् गल्ल्याकडं ओरडले, "निलू दीदी, इनको काँटे की ज़रूरत नहीं!" दाबाचं पण तसंच. एका बाजूनं जास्त दाबलं तं पाणी दुसऱ्या बाजूनं पळते. बिडी वळताना बोटाले जे समजते तेच हे आहे. पयल्यांदा मले वाटलं का माहेरी मायसोबत अन् मंग सासरी, दहा वर्ष मी बोटं फालतू नाही घासली. पण हे सांगू कोणाले? विकासचा फोन लागत नव्हता. निलू गल्ल्यावर होती. मागं जाऊन तनूलेच सांगितलं, ती खोक्यावरचं गायीचं चित्र पाहून राहिली होती.

त्या रात्री निलूच्या होस्टेलमधी राह्यलो, तिच्या घरचे आता रायपूरले नाहीत. तिथं लेकरू चालत नाही, वॉर्डनबाईनं एकच रात्र म्हणून सोडलं. शेजारच्या खोलीतल्या पोरी तनूले घेऊन गेल्या, खेळवलं, फोटो काढले, परत आणून देल्ली अन् आपल्या दाराले कडी लावून हसत बसल्या. माह्याच वयाच्या होत्या.

सकाळी नाश्त्याले फरा खाल्ला, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांब लांब उंडे, टमाटरच्या चटणीसोबत. वीस रुपयात पोट भरते. जाल तं खाच.

दुसऱ्या दिवशी माही चूक झाली. दुकान उघडलं का पयले चक्की जमवा लागते. हवा बदलली का कॉफी बदलते. एक एस्प्रेसो काढाचा, दोन छोट्या कपात वाटाचा, एक भैया चाखतील, एक मी. आंबट लागली तं बारीक दळा, कडू जहर लागली तं जाडी करा. असं जमेपर्यंत. भैया एक घोट घेत अन् तोंड वळवून बेसिनकडं जात. मले वाटलं कप धुवाले जातात. मी पूर्ण कप प्यायची. कडू लागे, तरी. कोणी हातात कप देल्ला अन् आपण अर्धा टाकून देल्ला, असं आमच्यात कोणी करत नाही. माय म्हणे, देणाऱ्याच्या घरी ताटलीत काही ठेवू नको. सात कप झाले.

सातव्याले भैयानं बेसिनकडं पाहून मले विचारलं, "दीदी, आप थूक कहाँ रही हो?"

"थूकना?"

"सब पी लिए?"

"आपने दिया न."

ते डोक्याले हात लावून बसले. निलू एवढी हसली का गिऱ्हाईक पाहाले लागलं. मी पण हसली. छातीत धडधड होऊन राहिली होती, पण मले वाटलं आनंदाची आहे. कारण तेव्हाच मॅडम येऊन म्हणे, "सोमवार से आ जाओ. सुबह सात से तीन. बच्ची का इंतज़ाम करके रविवार तक बता देना. नहीं तो दूसरी देखनी पड़ेगी."

अन् मंग मागं जाऊन मी तनूले पाजलं. माह्या डोक्यातच आलं नाही.

पोट्टीचा इंतजाम. पूर्ण रायपूरमधी माहं एकच घर आहे. निलूच्या फोनवरून दादाले फोन लावला, तिचा नंबर नवीन आहे. तो उचलला. "हॅलो, कोण?" मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. "कोण बोलून राह्यलं?" मी कट केला. निलू म्हणे मी बोलू का, पण साक्षीवर सही करणारीचं तो काय ऐकंल.

गाडीले दोन तास होते. या वेळी मी पूल उतरून गुढियारीच्या बाजूनं गेली. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. दाराले आता हिरवा रंग आहे. वहिनी बाहेर पापड वाळवून राहिली होती, पाठ माह्याकडं होती. दादाची गाडी उभी होती, म्हणजे घरीच होता. वीस पावलं असतील. दुकानाच्या ओट्यावरची एक म्हातारी मले विचारे, "कोन पारा जाबे नोनी?" कोणत्या मोहल्ल्यात जाचं आहे पोरी, असं. मले ओळखलं नाही तिनं.

मी म्हटलं, "टेसन."

तिनं रस्ता दाखवला. मी गेली.

गाडीत तनू झोपली नाही. राजनांदगाव गेलं, डोंगरगड गेलं, डोळे उघडे. घरी आली तं हातपाय झटकून राहिली, हात थरथर करे, रडे, पुन्हा पाहे. तिले पाजलं का शांत होई, म्हणून मी पाजत राह्यली. मले काय माहीत का कॉफी दुधातूनच तिले जाऊन राह्यली. सासूबाईनं विचारलं, काय खाल्लं तिकडं? मी सात कप सांगितले तं म्हणे, "म्हणजे लेकरानं पण सात कप पिले." मले वाटलं मी पोरीले जहर पाजलं. माय असती तं तिले विचारलं असतं. मी घरभर फिरली, कोणाले विचारू, कोणाले उठवू.

काल मोहल्ल्यातल्या आरोग्याच्या आशाताई आल्या. तपासलं, म्हणे दूध ओढते, सू बरोबर होते, ताप नाही, दोन-तीन दिवसात उतरंल. तू कॉफी-चहा बंद कर, अन् तिनं दूध ओढणं सोडलं किंवा ती सुस्त वाटली तं लगेच दवाखान्यात आण. तिचे हात आता थरथरत नाहीत. पण माही भीती नाही उतरली. ज्या बायका पाजतात त्यायनं हे ध्यानात ठेवा. कॉफीच्या दुकानात चाखाचं अन् थुकाचं, त्याच्यात कोणाचा अपमान नाही.

मंग ह्या सहलीतून काय राह्यलं? खर्च थोडा झाला, त्याचं काही नाही. बोटाले अठरा ग्राम समजते हे राह्यलं. सूप घेतलं का आता बिडीचं काम जड लागते. बाजूले तनू शिंकते अन् मी मनात वार मोजते. आज शुक्रवार आहे.

ह्या पेजवर रायपूरचे आपले मराठी लोक पुष्कळ आहेत, गुढियारीचे पण आहेत, कमेंटमधी जय भीम लिहितात, मी पाहते. माही तुम्हाले विनंती आहे. माह्या भावाले फोन लावा. नंबर इथं टाकत नाही, पण शेडमधल्या बिपीनले मोहल्ल्यातले सगळे ओळखतात, ज्यायच्याजवळ नंबर असंल त्यायनं लावा. सांगा का तुही बहीण प्रज्ञा सोमवारपासून रायपूरले कामाले येऊ शकते. पोट्टीले सात ते तीन वहिनीजवळ ठेवू दे, मले नाही ठेवलं तरी चालंल, मी कोठीही राहीन. पोट्टी रडकी नाही, दोन दिवसच अशी झाली, हे पण सांगा. नाही म्हणाचं असंल तं त्याले तुमच्याजवळच म्हणू द्या, माह्या कानानं मले ऐकाचं नाही. तो दुपारी एक ते दोन जेवाले घरी येते. तेव्हाच लावा, वहिनी समोर असली का तो फोन आपटत नाही.