सुधाकाकांचं एक्केचाळीस वेळांचं पान

एकाच पानावर ‘रत्नागिरी होमस्टे’ एक्केचाळीस वेळा! काउंटरचा आकडा मी दोनदा तपासला आणि कपाळाला हात लावला.

काउंटर म्हणजे आम्हा वेबसाइटचा मजकूर बघणाऱ्यांचं साधं हत्यार. मजकूर टाकला की कुठला शब्द किती वेळा आलाय ते दाखवतं. लोक सर्चमध्ये जे शब्द टाइप करतात, ते आमचे कीवर्ड. ते पानावर हवेतच. पण अति झाले की सर्च इंजिनला लबाडीचा वास येतो आणि पान मागे पडतं. माझे क्लायंट सुधाकाका, त्यांच्या होमस्टेचं पान तर सर्चमध्ये दिसेनासंच झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीला महिना उरलेला आणि एकही बुकिंग नाही. काकांचा मुलगा महेश मुंबईतली नोकरी सोडून होमस्टे चालवायला गावी आला होता. दिवाळी रिकामी गेली तर परत जाईन, असं त्याने सांगूनच टाकलं होतं.

मी तडक त्यांच्या घरी गेले.

“काका, हा मजकूर कोणी लिहिला?”

“मीच की. तूच म्हणालीस ना, ते शब्द परत परत येऊ देत?”

म्हणाले होते खरं. वाचायला लागले आणि हसू आवरेना. काका गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. ते गावातर्फे देवाला एकेक मागणं सांगतात आणि प्रत्येक वाक्यावर मंडळी ‘होय महाराजा’ म्हणतात. पान त्याच चालीवर होतं. ‘समुद्र जवळ आहे, रत्नागिरी होमस्टे. पाणी विहिरीचं आहे, रत्नागिरी होमस्टे.’

“हसतेस काय गो? देवाला चालतं, तुझ्या मशीनला काय झालं?” मग काकांचा आवाज उतरला. “महेशनं माझ्या शब्दावर नोकरी सोडलीन. तो परत गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?”

मला फार वाईट वाटलं. अर्धी चूक माझीच होती. मी लॅपटॉप उघडला.

“आता लिहू नका, नुसतं सांगा. पाहुणे आले की काय करता?”

काका सुटलेच. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. ओहोटीला खडकांवर कालवं दाखवायला न्यायचं. पाहुण्यांना हौस असेल तर विहिरीचा रहाट ओढू द्यायचा. मी टाइप करत गेले. शेवटी काउंटर लावला. कीवर्ड पाच वेळा, तोही आपसूक.

पान वर यायला दोन आठवडे गेले. पहिला फोन पुण्याच्या एका बाईंचा. घावणे नक्की मिळतील ना, हे त्यांनी आधी विचारलं, खोलीचं मग. दिवाळीत तिन्ही खोल्या भरल्या. महेश आता चौथी बांधतोय आणि काकांनी सूचना करकरून गवंड्याला भंडावून सोडलंय.

मी मात्र तेव्हापासून क्लायंटला मोघम सल्ला देत नाही. आधी त्याला बोलतं करते, मोजणी मागाहून.