इसिद्रानं सोडलेली तारीख

इसिद्रा इश्कोय आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा तिचा तान्हा सेल्विन तिच्या पाठीवर बांधलेला होता. ती सीमेपलीकडच्या डोंगरातल्या मोमोस्तेनांगोची, म्हणजे माझ्याच गावाकडची. तिच्या बापाच्या घरी लोकरीच्या घोंगड्यांचे माग होते. लॉस एंजेलिसला येऊन ती शिलाईच्या कारखान्यात लागली, दिवसभर जीन्सच्या खिशांना टिपा मारायची. नवरा होता. एके दिवशी तो कामावरून परत आलाच नाही. त्याला पकडून मायदेशी धाडलं, हे कळायला आठवडा गेला. काही महिने तिकडून त्याचे फोन यायचे, मग तेही थांबले. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "त्याला तिकडे दुसरं घर झालंय, कांदेलारिया. आपल्याला हे आहे." आणि मक्याचं पीठ मळत राहिली.

हे म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, कोपऱ्यात शेगडी आणि मागे न्हाणी. मी बरोबर तिच्या वर राहायचे. माझ्या न्हाणीचा पाइप भिंतीच्या आतून गळायचा, ते पाणी तिच्या भिंतीत उतरायचं. तिची पलंगामागची भिंत छतापासून काळी पडत आली होती. मालकाकडे तक्रार केली की त्याचा माणूस यायचा, पांढरा रंग फासून जायचा. थोड्या दिवसांनी रंगातून काळे ठिपके वर यायचे, मग ते एकमेकांना मिळायचे. फ्रिजच्या दाराच्या रबरात झुरळं असायची. उंदरांचं तर कुणी बोलायचंही नाही.

सेल्विन शाळेत जायला लागला तोवर त्याला दमा जडला होता. रात्री त्याच्या छातीचा आवाज मला वर ऐकू यायचा. इसिद्रा त्याला मांडीवर बसवून वाफेचं यंत्र लावायची आणि सकाळी तशीच कामावर जायची. ती स्वतःहून कुणाला काही सांगणारी बाई नव्हती. दाव्याच्या कागदावर तिनं सही केली ती तात बाल्तासारांमुळे.

आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला तात म्हणतात. हे बाल्तासार तात गाड्या धुण्याच्या ठिकाणी कामाला होते. आमचा कुजका जिना त्यांच्या पायाखाली मोडला, गुडघा कायमचा गेला आणि नोकरीही गेली. तेव्हापासून काठी टेकत ते दारोदार फिरून लोक गोळा करू लागले. गरिबांचे दावे चालवणाऱ्या एका संस्थेतून त्यांनी वकील आणली. मिस अरेवालो. वयानं लहान, आई-बाप साल्वादोरचे, बोलताना पेन चावायची. आम्ही निम्म्याहून जास्त घरांनी मिळून मालकावर दावा लावला. बाकीचे घाबरले. ज्यांची पोरं लहान होती ते तर जास्तच घाबरले. काही रातोरात घर सोडून गेले.

मग नुसतं थांबणं सुरू झालं. न्यायालयात गर्दी होती, आमची पाळी यायला दोन-अडीच वर्षं लागतील असं सगळे म्हणत होते. एका रविवारी मिस अरेवालोनं आम्हाला अंगणात बोलावलं.

"या राज्यात एक कायदा आहे," ती म्हणाली. "चौदा वर्षांखालच्या मुलाच्या तब्येतीला इजा झाली असेल आणि त्यानं दावा लावला असेल, तर त्यानं मागितल्यावर न्यायालयाला लवकरची तारीख द्यावीच लागते. चार महिन्यांच्या आत खटला उभा राहतो. मुलं भराभर वाढतात, काय झालं ते विसरतात, म्हणून."

"आणि म्हातारे मरतात, त्याचं काय?" तातांनी विचारलं.

"सत्तरी उलटली असेल आणि तब्येत खूप खराब असेल तर तुम्हालाही मागता येते."

"म्हणजे अजून आठ वर्षं नीट आजारी पडायचं. ठीक आहे, प्रयत्न करतो."

लोक हसले. मिस अरेवालोही हसली आणि म्हणाली, "पण तात, तुम्ही सगळे एकाच दाव्यात आहात. मुलाला तारीख मिळाली की सगळ्यांना मिळाली."

प्रश्न एवढाच होता की दाव्यात मूल कुठलं. माझ्या मारिसोलला वसंतातच चौदा पूर्ण झाली होती. "आई, मला जरा उशिरा जन्माला घालायला काय झालं होतं तुला," ती म्हणाली. दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यांनी सेल्विनकडे पाहिलं. तो कुंडीतली माती चमच्यानं उकरत बसला होता.

न्यायालयानं इसिद्राला त्याच्या वतीनं उभं केलं आणि मिस अरेवालोनं अर्ज केला. मालकाच्या वकिलांनी विरोध केला, की एवढ्या मोठ्या दाव्यात या पोराचा वाटा तो किती. न्यायाधीश बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि तरीही तारीख देऊन टाकली. ऑक्टोबर.

त्या उन्हाळ्यात सेल्विन सगळ्या इमारतीचा लाडका झाला. कुणी त्याला गोड पाव आणून द्यायचं, कुणी आतोलचा, म्हणजे मक्याच्या गोड पेजेचा, पेला. तात त्याला वकीलसाहेब म्हणायचे. "वकीलसाहेब, पंप घेतलात का? पळू नका. तुम्ही पडलात तर आम्ही सगळे पडलो." पोरगं छाती पुढे काढून चालायचं. इसिद्राला ते आवडायचं नाही, हे मला दिसत होतं, पण ती हसून घ्यायची.

ऑगस्टमध्ये मालकाच्या वकिलांनी पोराची जबानी मागितली. त्यांना तो हक्क होता. शहरात एका उंच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेचं टेबल होतं. इसिद्रा त्याच्या शेजारी बसली. मी बाहेर बाकावर. घरी आल्यावर ती शेगडी न पेटवता पलंगावर बसून राहिली.

"काय विचारलं गं?" मी म्हटलं.

"आधी गोड गोड. शाळा कुठली, खेळतोस काय. मग विचारलं, आई घरात काही जाळते का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती आपल्या वारलेल्या आज्याच्या नावानं अधूनमधून पोम जाळायची. आमच्याकडचा धूप तो, झाडाच्या चिकाचा. गावाकडे सगळेच जाळतात, मीही जाळते.

"पोरगं खरं बोललं," ती म्हणाली. "हो म्हणाला, आई धूर करते, मला खोकला येतो. ते लिहून घेतलं. मग विचारलं, आई तुला डॉक्टरकडे लगेच नेते की कामावरून आल्यावर? तो म्हणाला, कामावरून आल्यावर."

"मग काय झालं? काम सोडून कशी नेणार होतीस?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

मिस अरेवालो म्हणाली होती की हे नेहमीचंच आहे, डॉक्टर आपल्या बाजूनं सांगतील, भिंतीचे नमुने आपल्याकडे आहेत. पण सेल्विननं त्या दिवसापासून एक धरलं होतं. रोज विचारायचा, "आई, मी धुराचं सांगितलं म्हणून आपण हरणार का?" इसिद्रानं पोमची पुडी कचऱ्यात टाकली, तर तिच्याकडे बघून तो रडायला लागला. खटल्यात पुन्हा बोलावं लागेल, तेही सगळ्यांसमोर, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात त्याला वर्गात झटका आला. ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेनं नेला. इसिद्रा कारखान्यातून तशीच धावली, अंगावर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. चार दिवस पोरगं नळ्यांमध्ये होतं. डॉक्टर तिला म्हणाले, हे मूल त्या खोलीत परत नेऊ नका.

"मग कुठे नेऊ?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी सामाजिक मदतनीस बाईला बोलावलं. त्या बाईकडेही जागा नव्हती.

तो इस्पितळातून घरी आला आणि मालकाच्या वकिलांचा निरोप आला. सेल्विन आणि त्याची आई यांच्यापुरती तडजोड. मुलाचे पैसे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत बँकेत राहतील, आईला दुसरीकडे घर घेण्यापुरते हातात मिळतील, आणि त्यांनी दाव्यातून बाहेर पडायचं. फक्त त्यांनी.

मिस अरेवालो हे सांगायला आली तेव्हा मी तिथेच होते. ती पेन चावत नव्हती.

"मी तुम्हा सगळ्यांची वकील आहे," ती म्हणाली. "म्हणून यात घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगू शकत नाही. सल्ल्याला दुसरे वकील येतील. मला एवढंच सांगायला हवं, की सेल्विन बाहेर पडला तर ऑक्टोबरची तारीख टिकणार नाही. दाव्यात मूलच राहणार नाही."

"मग बाकीच्यांची कधी?"

"नेहमीच्या रांगेत. पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्या."

बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली. मी कुणाला सांगितली नव्हती, पण आमच्या भिंती तुम्हाला ठाऊक नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणीच आतोल आणला नाही. रविवारी तात बाल्तासार काठी टेकत तिच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"पोरी, दीड महिना राहिलाय," ते म्हणाले. "दीड महिना फक्त."

"माहीत आहे, तात."

"आम्हाला वेगळं वेगळं करायचंय त्यांना. तुला तेवढ्यासाठीच देतायत. तुझ्या पोरासाठी नाही."

"ते कशासाठी देतात ते मला काय करायचंय? त्याला श्वास येत नाही."

"मला येतो? आम्ही सगळे याच भिंतीत राहतो."

"तुम्ही मोठे आहात, तात."

तातांचा चेहरा बदलला. "मोठा आहे म्हणून मला वेळ आहे असं वाटतं तुला? मी दारोदार फिरलो, या असल्या गुडघ्यानं. तुझ्या दारात तीनदा आलो होतो, तेव्हा तू सही केलीस."

इसिद्रानं खाली पाहिलं. "हो. तुम्ही आला नसतात तर मी काहीच केलं नसतं," ती म्हणाली. "पण मी त्याला परत त्या काचेच्या टेबलाशी बसवणार नाही. आणि या खोलीत झोपवणार नाही. तुम्ही मला शिव्या द्या."

तातांनी शिव्या दिल्या नाहीत. काठी टेकत निघून गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

मीही तेव्हा तिच्यावर चिडले होते, आणि अजूनही कधी कधी चिडते. माझी न्हाणी गळायची ती गळतच होती.

लहान मुलाची तडजोड न्यायाधीशांना मंजूर करावी लागते. त्या बाईंनी सगळं वाचलं, इसिद्राला दुभाष्याकडून दोन-तीन प्रश्न विचारले, सेल्विनला विचारलं, "आता बरं वाटतं का?" तो म्हणाला, "कधी कधी." बाईंनी सही केली. काही दिवसांनी मालकाच्या वकिलांनी अर्ज केला आणि आमची ऑक्टोबरची तारीख रद्द झाली.

इसिद्रा शनिवारी सकाळी गेली. एका ओळखीच्याचा छोटा ट्रक होता. पलंग घेतलाच नाही, त्याला बुरशीचा वास होता. निरोप द्यायला मी आणि मारिसोल एवढ्याच खाली उतरलो. सेल्विननं वर पाहून हात हलवला, दोन-तीन पडदे हलले आणि बंद झाले.

ती लँकेस्टरला गेली, डोंगरापलीकडे, वाळवंटात. तिथे भाडं कमी आणि हवा कोरडी. पण शिलाईचे कारखाने नाहीत. ती गाजरं धुऊन पिशव्यांत भरायच्या कामाला लागली. हात थंड पाण्यात, बोटं सुजायची. सेल्विनचे झटके कमी झाले, थांबले नाहीत. तिथला वारा धूळ आणतो. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की फुप्फुसाला जे व्हायचं ते लहानपणीच झालंय, ते आता त्याच्याबरोबर राहील.

आमचं पुढे फारसं चांगलं झालं नाही. तारीख आली, पुढे गेली, परत आली. दरम्यान मालकानं इमारत विकली. लोक थोडेथोडके पैसे घेऊन एकेक करून निघून गेले. खटला कधी उभा राहिलाच नाही. शेवटी जी तडजोड झाली ती तात बाल्तासारांनी पाहिली नाही. त्यांना साखर होती, मूत्रपिंडं गेली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात ते वारले. लोक म्हणाले, ऑक्टोबरमध्ये खटला झाला असता तर निदान शेवटी नीट घरात तरी राहिले असते. खरं असेल. नसेलही.

चर्चच्या तळघरात दुपारी त्यांच्यासाठी लोक जमले होते. इसिद्रा बस आणि ट्रेन बदलून आली. कुणी तिला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. ती सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेली, बाह्या सारल्या आणि भांडी घासायला लागली. लोक कप आणून ठेवायचे, ती धुवायची. सगळे गेल्यावर तातांच्या पुतण्यानं तिच्यासमोर कॉफी ठेवली. ती उभ्यानंच प्यायली.

त्यानंतर मी तिच्याकडे लँकेस्टरला जायला लागले, वर्षातून एकदा-दोनदा. मागच्या खेपेला गेले तेव्हा सेल्विन जेवणाच्या टेबलाशी गणितं करत होता. आता अकरा वर्षांचा आहे, बारीक, गळ्यात पंपाची दोरी. आम्ही दोघी बीन्स निवडत जुन्या इमारतीचं बोलत होतो, कोण कुठे गेलं वगैरे. मी तातांचं नाव घेतलं.

सेल्विननं पेन्सिल ठेवली.

"कांदेलारिया मावशी, तातांची केस माझ्यामुळे थांबली ना?"

मी इसिद्राकडे पाहिलं. त्याला हे कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. शाळेत कुणी, फोनवर कुणी, की त्यानंच जुळवून काढलं होतं.

"तुझ्यामुळे नाही," इसिद्रा म्हणाली. "मी थांबवली."

"पण मी आजारी होतो म्हणून."

"तू आजारी होतास ते मालकामुळे. थांबवली मी. त्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं. तुला कुणी विचारलंच नव्हतं."

"मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," सेल्विन म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

तो वही उचलून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. इसिद्रानं निवडलेल्या बीन्स पातेल्यात ओतल्या, पाणी घातलं, गॅस पेटवला. मला म्हणाली, "जेवून जा. शेवटची ट्रेन उशिराची आहे." मी थांबले. जेवायला ती त्याला हाक मारायला गेली, तर तो आतून "भूक नाही" म्हणाला, आणि ती त्याचं ताट झाकून ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.