ओट्यापुढं बुडवलेली होडी

बाज्याभाऊला मी पंधरा वर्षं ओळखतो, आणि त्या पंधरा वर्षांत तो रिकाम्या हातानं बसलेला मी कधी बघितला नव्हता. मी शहाद्याचा, पंप-इंजिनांचा मिस्त्री. माझाही स्वभाव काही थंड नाही. गिऱ्हाईक दोनदा 'कधी होईल' म्हणालं की माझं डोकं फिरतं. पण हा गडी माझ्याही वरताण. अक्राणीच्या डोंगरांखाली नर्मदेला धरणाचं पाणी अडलंय, त्यात त्याची होडी चालते. पाड्यापाड्यावरची माणसं, धान्याची पोती, शेळ्या, सगळं तो बाजाराला नेतो-आणतो. तो आणि त्याची बायको फुलीबाई राहतातही त्या होडीतच. वर बांबूचं छप्पर, पुढं चूल, मागं शेतातल्या पंपाचं इंजिन, मधे गोधडी.

लोकांना वाटतं, होडीत राहतात म्हणजे काय मजा असेल. मजा कसली डोंबलाची. एक फट बुजवली की दुसरी झिरपते. छपराचा बांबू किडतो, दोर कुजतो, इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकतं. बाज्याभाऊ उठल्या उठल्या हातोडी घेणार आणि झोपताना तीच उशाशी ठेवणार. "ह्यानं लग्न माझ्याशी केलं," फुलीबाई म्हणायची, "आणि संसार हातोडीशी करतो."

तिचं मागणं एकच होतं. पंचवीस वर्षांपूर्वी पाणी चढलं तेव्हा बाज्याभाऊनं आपल्याच घराचे सागाचे खांब उपटले, फळ्या कापल्या आणि त्यांची ही होडी केली. घराचा ओटा तेवढा पाण्याखाली राहिला. दर मे महिन्यात पाणी उतरलं की पाड्यासमोरच्या नाल्यापलीकडं त्या ओट्याचे दगड उघडे पडतात. तिथं दोघांनी जाऊन एकदा बसायचं, बस. आणि बाज्याभाऊ दरवर्षी म्हणायचा, "एवढी फट बुजवतो, मग जाऊ." फट काही संपायची नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत पाणी परत चढायचं.

"तू एकटी जाऊन ये ना," मी एकदा म्हणालो होतो.

"एकटी बसायला मी काय पाहुणी आहे? घर दोघांचं होतं."

यंदा ती जास्तच मागं लागली होती. दर साली गाळ चढतो. आधी चारही बाजूंचे दगड दिसायचे, मग एक रांग, आणि यंदा मोजून पाच दगड. "पुढल्या साली काही दिसायचं नाही," ती म्हणाली. बाज्याभाऊनं ऐकलं आणि दोराला गाठ मारत राहिला. मला राग आला होता. पण नवरा-बायकोच्या मधे मिस्त्रीनं पडू नये.

डांबर लावायचं म्हणून यंदा त्यानं होडी काठावर ओढून घेतली. फुलीबाईला बजावलं, होडीवर गोणपाट टाकलेत, दिवसातून तीनदा त्यांच्यावर पाणी मार, नाहीतर लाकूड वाळेल. आणि इंजिन जीपमध्ये घालून माझ्याकडं शहाद्याला आला. एका दिवसाचं काम होतं, पण सुटा भाग मिळेना आणि पाच दिवस गेले. तेवढ्यात त्यानं माझ्या दुकानाचं शटर दुरुस्त केलं, शेजाऱ्याची सायकल उघडली आणि माझ्या बायकोच्या शिलाई मशीनकडं बघायला लागला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. सहाव्या दिवशी मी स्वतः इंजिन घेऊन त्याच्याबरोबर निघालो, ते बसवण्यापेक्षा त्याच्या तावडीतून सुटायला.

काठावर पोचलो आणि आम्ही दोघं होडीपाशी थबकलो. फळ्या आखडून होडीला बोटबोट फटी पडल्या होत्या. एका फटीतून मला पलीकडचा डोंगर दिसला. गोणपाट ठणठणीत कोरडे, नीट घड्या घालून, त्यांवर दगड ठेवलेला.

"पाणी मारलं नाहीस?" बाज्याभाऊनं विचारलं.

"विसरले," फुलीबाई म्हणाली, आणि कैरी चिरत राहिली.

आता असल्या फटीत डांबर भरून उपयोग नसतो. लाकूड फुगलं की ते सगळं बाहेर टाकतं. उपाय एकच, होडी पाण्यात बुडवायची आणि चार-पाच दिवस मुरू द्यायची. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपोआप मिटतं. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे बाज्याभाऊला काम नाही.

तो बराच वेळ होडीभोवती फिरला. मग पाड्यावरच्या चार जणांना हाक मारून होडी पाण्यात ढकलली. मला वाटलं तिथंच बुडवेल. तर हा फुलीबाईला म्हणाला, "बस." मला म्हणाला, "तूही बस, मिस्त्री." आणि बांबू टेकवत होडी नाल्यापलीकडं न्यायला लागला.

चारी बाजूंनी पाणी आत. मी तेलाच्या डब्यानं उपसतोय आणि अहिराणीत शिव्या घालतोय. "काय करी ऱ्हायना तू, बाज्याभो? आठेच बुडाव ना तिले."

"इथं तळाला खडक आहे," तो म्हणाला. "तिकडं गाळ मऊ आहे."

फुलीबाई कैऱ्यांची पाटी, पीठ आणि तवा मांडीवर घेऊन समोर बघत होती. घोटाभर, मग गुडघाभर पाणी होडीत चढलं, आणि त्या पाच दगडांच्या अलीकडं, कमरेइतक्या पाण्यात होडी सावकाश खाली बसली. बाज्याभाऊनं आत मोठे दगड ठेवले. आम्ही ओट्यावर चढलो. मागं डोंगराची उभी कड, पुढं पाणी. दुसरा होडीवाला जालमसिंग तिकडून मंगळवारी जाणार होता आणि त्या दिवशी शुक्रवार होता. मी आयुष्यात एवढा अडकलो नव्हतो.

"हातोडी कुठंय?" बाज्याभाऊनं विचारलं.

"होडीतच राहिली," फुलीबाई म्हणाली.

पहिला दिवस त्याला जड गेला. उठायचा, बसायचा, पाण्यात उतरून फळ्यांना हात लावून यायचा. दुसऱ्या दिवशी फुलीबाईनं एका जागी तीन दगड मांडून चूल पेटवली. मी म्हणालो, तिकडं सावलीत मांड. ती म्हणाली, चूल इथंच होती. मग भाकरी थापता थापता तिनं सगळं घर दाखवलं. इथं दार. इथं कणगी. इथं बैल, त्यांचा वास रात्रभर घरात यायचा. मला नुसता भेगाळलेला गाळ दिसत होता, तरी दाराच्या जागी येताना मी आपोआप वाकायला लागलो.

मग दिवस कसे गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. दुपारी वारा पडायचा आणि पाणी एवढं निवळ व्हायचं की खाली होडी अख्खी दिसायची. चुलीची जागा, गोधडीची जागा, आणि त्यांतून मासे ये-जा करायचे. दगडांवर कैरीच्या फोडी वाळत होत्या, त्यांचा आंबट वास. मी, ज्याला दुपारी झोप ठाऊक नाही, तो बसल्या जागी झोपून जायचो. एकदा डोळे किलकिले झाले तर मला वाटलं वर छप्पर आहे, आणि ते चुकीचं आहे असंही वाटलं नाही. दुकान, गिऱ्हाईक, शटर, सगळं कुठल्या कुठं गेलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तिसऱ्या दिवशी बाज्याभाऊ फुलीबाईशेजारी बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे.

"मी इथं का येत नव्हतो, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "खांब उपटले त्या दिवशी तू ह्याच दगडावर बसून रडत होतीस. आणि मी कुऱ्हाड चालवत होतो. तुझ्याजवळ येऊन बसलो नाही. हाताला काम असलं की डोकं गप्प राहतं. तेव्हापासून काम सोडलंच नाही."

"बस की मग आता," फुलीबाई म्हणाली.

तो बसला. मी पलीकडं तोंड फिरवलं. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते आवडत नाही.

मंगळवारी जालमसिंग चार माणसं घेऊन आला. पाणी चढायला लागलं होतं, पाचातले दोन दगड ओले झाले होते. आम्ही होडीतले दगड काढले, ती उचलून पाणी उपसलं. फळ्या घट्ट मिटल्या होत्या. थेंब आत येईना. फुलीबाईनं चुलीची राख हातानं पाण्यात सोडली आणि होडीत जाऊन बसली.

नाल्याअलीकडं परत आलो. मी इंजिन बसवत होतो. काठावर ते गोणपाट अजून तसेच पडले होते. बाज्याभाऊनं वरचा दगड उचलला, घड्या बघितल्या. विसरलेलं माणूस अशा चापूनचोपून घड्या घालत नाही, हे मलाही कळलं होतं. फुलीबाई चुलीशी वाकली ती वर बघेचना.

त्यानं ते घड्यांसकट उचलून होडीत तिच्यापाशी ठेवले.

"पुढल्या साली होडी परत वर काढायची," तो म्हणाला. "गोणपाटांवर पाणी मारायचं तूच बघ."

"पुढल्या साली तिथं ओटा दिसायचा नाही," ती खालमानेनंच म्हणाली.

"नसू दे. मला जागा ठाऊक आहे," बाज्याभाऊ होडीच्या सागाच्या फळीवर हात ठेवून म्हणाला. "घर आपण इथूनच घेऊन जाऊ."