करडीच्या तेलात खोबरेल

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, पाळण्यातसुद्धा ही पोर कधी स्वस्थ पडली नाही. आणि नोकरी लागली ती नेमकी वाट बघत बसण्याची. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका तेल गिरणीने गॅस क्रोमॅटोग्राफ घेतला आणि तो चालवायला मला ठेवलं. यंत्र म्हणजे एक भट्टी, आणि भट्टीत वेटोळं घातलेली लांब नळी. तेलाच्या एका थेंबावर औषधांचा संस्कार करून तो सुईने आत टोचायचा. नायट्रोजन त्याची वाफ नळीतून पुढे ढकलतो आणि तेलातला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. तो पडला की सरकत्या कागदावर पेन एक टेकडी काढतं. तिला आम्ही पीक म्हणायचो. एका नमुन्याला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात मी तीनदा उठायचे, दोनदा खिडकीशी जायचे, वेणीचा शेपटा सोडून पुन्हा घालायचे.

पुढचं काम त्याहून वाईट. कुठला घटक किती, हे काढायला प्रत्येक पीक कात्रीने कापून नाजूक तराजूवर तोलावं लागे. कागदाचा कपटा उडू नये म्हणून पंखा बंद. बाहेर सोलापूरचा मे महिना, शेजारी तापलेली भट्टी, आणि मी श्वास रोखून कपटे तोलतेय. माझा नुसता संताप व्हायचा.

गिरणी आसपासच्या लहान घाणेवाल्यांकडून करडीचं तेल घ्यायची. भेसळ सापडली की डबे फाटकातून परत, आणि त्या माणसाचं नाव कायमचं कटाप. एक दिवस मंगळवेढ्याकडच्या एका घाणेवाल्याचा नमुना माझ्याकडे आला. त्या दिवशी नायट्रोजनच्या सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता. नवा सिलिंडर पुण्याहून यायचा, कधी ते देवाला ठाऊक. कामाची सुरुवात ब्लँकने करावी असा नियम होता. तेल सोडून बाकी सगळं तसंच करायचं आणि टोचायचं, म्हणजे आपली भांडी नि औषधं निर्मळ आहेत हे कळतं. मी ब्लँक गाळला. गॅस वाचवायचा हे निमित्त झालं. खरं म्हणजे सरळ रेघ बघत अर्धा तास बसणं माझ्या जिवावर यायचं. सिलिंडर भरलेला असतानाही मी तो बऱ्याचदा गाळत असे.

घाणेवाल्याचा नमुना टोचला, तर पेन सुरुवातीलाच वर चढलं. करडीच्या तेलात त्या जागी काही येत नाही. तिथे येतं ते खोबरेलातलं आम्ल. मी नमुना पुन्हा तयार केला, तरी तेच. अहवाल लिहिला, प्रयोगशाळेच्या साहेबांनी सही केली.

दुपारी घाणेवाला जिना चढून प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, कपाळावरचं भस्म घामाने पुसट झालेलं.

"बाई, खोबरेल करडीपरास महाग हाय की. महागाचं तेल सवस्तात कोन घालंल?"

"खवट खोबऱ्याचं तेल फुकापासरी मिळतं," साहेब आतून म्हणाले. "आम्हाला शिकवू नका."

"माज्या घान्यावर खोबरं चढत न्हाय, सायेब. डबं परत गेलं तर गावात करडी तरी कोन आनून टाकंल माज्याकडं?"

साहेबांनी हातानेच जिना दाखवला. तो खाली जाऊन फाटकापाशी आपल्या डब्यांजवळ बसला. मी खिडकीतून बघितलं, टेबलाशी आले, परत खिडकीशी गेले. महागाचं तेल स्वस्तात कोण घालेल, हे करडीच्या काट्यासारखं डोक्यात रुतून बसलं होतं.

शेवटी ब्लँक करायला घेतला. रिकाम्या परीक्षानळीत तेल विरघळवणारं हेक्झेन ओतलं, तोंडावर अंगठा दाबून नळी हलवली. कॉलेजपासूनची वाईट खोड. एरवी दहादा उठणारी मी, काचेचं बूच आणायला मात्र उठत नसे. मग बाकीची औषधं घातली, टोचलं, आणि त्या दिवशी जागची हलले नाही. नमुन्यात तेलाचा थेंब नव्हता. तरी पेन त्याच जागी वर चढलं.

अंगठा नाकाशी नेला. आई रोज सकाळी गावातल्याच शुक्रवार पेठेतल्या घरी माझ्या डोक्यावर खोबरेल थापायची, आणि माझा हात दिवसभर वेणीत. वेणी घालून लगेच नळी हलवली की अंगठ्याचं तेल नळीत उतरणारच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे चोर मीच होते. साबणाने हात खसाखसा धुतले, नळीला बूच लावलं आणि उरल्या गॅसात त्याचं तेल पुन्हा चालवलं. त्या जागी रेघ सरळ होती.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आलेखाच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितल्या.

"डबे आत घ्यायला सांगा. आणि त्याला म्हणावं, यंत्र बिघडलं होतं."

मी जिना उतरले. खोटं बोलायचं ठरवूनच उतरले होते, पण त्याच्यासमोर जीभ वळेना.

"मामा, तेल तुमचं चोख आहे. खोबरेल माझ्या हाताचं होतं."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग वेणीकडे. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"ह्या हातानं आदी कुनाचं डबं परत धाडलं का, बाई?"

वही उघडायची गरज नव्हती. "दोघांचे," मी म्हणाले. "खोबरेल सापडलं म्हणूनच."

"मग त्यास्नी कोन सांगनार?" एवढं बोलून तो डबे उचलायला वळला.

पुढच्या रविवारी मी बार्शीच्या एस.टी.त बसले. दोघांपैकी एकाचा घाणा तिथे होता, धान्याच्या बाजारामागे. दाराला कुलूप होतं. शेजारचा किराणा दुकानदार म्हणाला, भेसळीचा बोभाटा झाला, लोकांनी करडी आणायची बंद केली, आणि दोन महिन्यांमागे तो बायकामुलं घेऊन गाव सोडून गेला. कुठं, ते कुणाला ठाऊक नाही.

"लई सरळ मानूस व्हता," तो म्हणाला. "तुमी कोन त्याच्या?"

मी कोण, ते सांगायचं मला धैर्य झालं नाही.