तुळशीचं निमित्त

कोंडीराम काका पंक्चरवाले म्हटलं की नळदुर्गात हायवेवर कुणीही दुकान दाखवतं. ट्रकच्या चाकाखाली डोकं घालून चाळीस वर्षं काम केलेला माणूस, पण रस्त्यानं तिरडी आली की आत शिरून शटर ओढून घ्यायचा. लोक हसायचे. मीही हसलेय, खोटं कशाला बोलू?

मी सोनाली, नर्स. ज्यांच्या दुखण्यावर आता इलाज उरला नाही, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या वेदना कमी ठेवायच्या, हे आमच्या पथकाचं काम. काकांची बायको अशीच आमच्याकडं होती. शेवटच्या दिवशी तिनं त्यांचा हात धरून ठेवला होता. श्वास अडखळायला लागला तसा काकांनी हात सोडवून घेतला. तोंडात ठेवायला तुळस आणतो म्हणाले आणि अंगणात गेले. वृंदावन दहा पावलांवर. आतून रडण्याचा आवाज येईपर्यंत ते तिथंच उभे होते, पान हातात घेऊन.

वर्षभरानं तेच काका माझ्यापुढं उभे. पेशंटजवळ बसायचं काम द्या म्हणाले, पैसे नकोत. मी चिडलेच. अहो, तुम्ही मयताच्या रस्त्यानं जात नाही, आणि मरणाऱ्याजवळ बसणार? त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी परत हजर, तिसऱ्या दिवशीही. शेवटी वैतागून त्यांना कल्याणप्पांकडं पाठवलं.

कल्याणप्पा जुने भुसार व्यापारी, लिंगायत. पोटाचा कॅन्सर. मुलगा हैदराबादला, घरात बायको शिवकांताबाई, संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या. काका मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे, दाढी करून द्यायचे, पाय चेपायचे. निघण्याआधी मला फोन ठरलेला: आज काही व्हणार न्हाय ना? मग उंबऱ्याबाहेर पाच मिनिटं उभं राहून आत जायचे. शिवकांताबाई खिडकीतून ते बघायच्या.

कल्याणप्पांची भीती वेगळी होती. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, हा त्यांचा जन्मभराचा नेम. एकदा हात थरथरला आणि लिंग पांघरुणात पडलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मरणाचं त्यांना काही नव्हतं, पण मरताना लिंग हातातून पडेल या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. त्यांनी काकांना जवळ बोलावलं.

"त्या वेळंला माझ्या हाताखाली तुमचा हात धरा."

काका हो म्हणाले, आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. मी पळून जाईन गं, म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

ती वेळ आली तो शुक्रवारच होता, सकाळचे अकरा; मीही तपासायला आले होते. दाढीचा साबण अजून वाटीत होता आणि कल्याणप्पांचा श्वास बदलला. घशात घरघर सुरू झाली. मी त्यांना पाठीमागून टेकू देऊन धरलं, माझे दोन्ही हात अडकलेले. शिवकांताबाईंनी त्यांच्या कपाळाला विभूती लावली, वाकड्या बोटांनी कसंबसं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्याखाली काकांचा हात. तो इतका कापत होता की वरचं लिंग हलत होतं. आता पडतंय, आता पडतंय. काकांची नजर दाराकडं. श्वास थांबला, खूप वेळानं परत आला, आणि काका जागेवरून उठायला लागले.

"तुळस आणतो."

शिवकांताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्यात तुळस लागत न्हाय, दादा. तुमी हात तेवढा सोडू नका."

काका तसेच अर्धवट वाकून राहिले. पळायला निमित्तच उरलं नव्हतं. मग ते खाली बसले आणि दुसराही हात खाली लावला. डोळे गच्च मिटून पुटपुटत होते, भ्या वाटतंय, लई भ्या वाटतंय. पुढचा श्वास उशिरा आला. त्याच्या पुढचा आलाच नाही. लिंग तळहातावर होतं.

मी सांगितलं तरी काका हात काढेनात. तिचा हातबी असाच गरम व्हता, एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्यावर चिडता आलं नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं शिवकांताबाईंना भेटायला गेलो. काका सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबले. बाईंनी स्वतः येऊन त्यांना आत नेलं, चहा दिला. काकांनी कप उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, माझी येळ आली की याल का? असाच हात धरायला?"

चहा बशीत सांडला. काका माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मीच उत्तर देणार होते. बायकोचा हात सोडलेल्या माणसाजवळ कुणी हे मागेल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला भ्या वाटंल, वैनी," ते म्हणाले.

"वाटू द्या. मलाबी वाटंल."

काकांनी कप खाली ठेवला.

"येईन," म्हणाले.