लिंबोणीवरची अळी

सोमवारी दुपारी माझी ताई काविळीनं गेली. दिवेलागणीला तिच्या जागी पीठ पसरलं, दिवा ठेवला आणि वर टोपलं पालथं घातलं.

सकाळी सगळे वाकून बघत होते. पिठात उमटलेल्या खुणेवरून आमच्याकडं ठरवतात, जीव कोणत्या रूपानं गेला ते. दोन बारीक पाकळ्यांसारखा ठसा होता. चुलती म्हणाली, पाल फिरली असेल. माय म्हणाली, फुलपाखरू. त्यानंतर ती जेवेना. वाटूरच्या आमच्या घरामागं लिंबोणीपाशी दिवसभर बसून राही.

तिथं नखाएवढी निळी फुलपाखरं उडत. पंख मिटले की राखाडी होत आणि नजरेतून हरवत. एकानं कोवळ्या पालवीवर अंडं घातलं, मोहरीहून लहान. त्यातून अळी निघाली त्या दिवशी मायनं अर्धी भाकरी खाल्ली. तेव्हापासून मला धास्ती लागली. अळी मेली तर?

अळी हिरवी, चपटी, पानाचाच तुकडा वाटावी अशी. तिच्या पाठीवर मुंग्या चढल्या, तशी मायनं खोडाभोवती हळद टाकली. मुंग्या हटल्या, पण मग एक बारकी गांधीलमाशी घिरट्या घालू लागली. माय पदरानं तिला हाकलत राहिली. मी परतूरच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. मुंग्या अळीच्या पाठीतून पाझरणारा गोड रस पितात आणि तिला राखतात, असं त्यात होतं. मायला वाचून दाखवलं.

"अन् पुस्तकातलं बराबर निघालं न्हाई तर मंग?"

मी तेच पान पुन्हा वाचलं. थोड्या वेळानं तिनंच तांब्याभर पाणी ओतून हळद धुतली. दुपार कलेपर्यंत आम्ही दोघं खोडाकडं बघत बसलो. मुंग्या परत आल्या.

पुढं अळीनं एका धाग्यानं स्वतःला पानाशी बांधून घेतलं. कोष झाला. मग तो काळा पडला.

"मेलं ते, जाऊबाई. उठा आता," चुलती म्हणाली.

माय उठली नाही. भाकरी पुन्हा तशीच ताटात वाळू लागली. काळा पडलेला कोष फुटायच्या बेतात असतो की मेलेला, हे पुस्तकात कुठंच सापडेना.

एका सकाळी कोषाला चीर गेलेली दिसली. शेजारच्या काट्यावर फुलपाखरू चुरगळलेले ओले पंख खाली सोडून बसलं होतं. उन्हं वर आल्यावर उडालं. कुंपणापलीकडं दिसेनासं झालं तेव्हा माय म्हणाली, "गेली. नीट गेली." मग आत जाऊन तिनं चूल पेटवली.

आता माय नाही. लिंबोणी आहे, मुंग्या आहेत. पालवी फुटली की पानं उलटून बघितल्याशिवाय मला घास जात नाही.