नाही म्हणणारे मासे

श्याम बेलसरेच्या मते कतारमध्ये दोनच प्रकारची माणसं राहत होती, मूर्ख आणि अतिमूर्ख. पहिल्यात त्याचे सहकारी यायचे, दुसऱ्यात त्याचे साहेब. स्वतःला कुठे बसवायचं हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. हा मूळचा नाशिकचा इंजिनिअर एसीच्या आणि पाणी गार करणाऱ्या चिलरच्या कामात केस पिकवून बसला होता आणि अख्खं दोहा आपल्या गार पाण्यावर जगतंय, अशा थाटात वावरायचा.

दुसरा थाट खाण्याचा. इतकी वर्षं आखातात काढूनही आपण अंड्याला शिवलो नाही, हे तो कुठल्याही नव्या ओळखीत चहा यायच्या आत सांगून टाकायचा. कुणी कतारी माणसानं प्रेमानं घरी बोलावलं की याचं डोकं दुखायला लागायचं. त्यामुळे या देशात लोक कसे जेवतात, कसे वाढतात, हे त्याला कधी कळलं नव्हतं, आणि न कळल्याचा त्याला अभिमानच होता.

अल गराफातल्या त्याच्या घरातून मात्र पाहुणा सुटत नसे. बायको, मृणालिनी, वाढायला उभी राहिली की तिला ‘नको’ हा शब्द ऐकू यायचा नाही. “दोनदा नको म्हणायचंच असतं,” ती सांगायची, “तिसऱ्यांदा घ्यायचं असतं.” श्याम तिच्या या आग्रहाची चारचौघांत टर उडवायचा. पाहुण्याच्या ताटात न मागितलेली पुरणपोळी पडली की सगळ्यात मोठ्यानं हसायचाही तोच.

वर्ल्ड कप जवळ आला तशी दोह्यात हॉटेलं उगवायला लागली, आणि प्रत्येकाला शेजारच्या हॉटेलात नाही असं काहीतरी हवं होतं. श्याम ज्या हॉटेलाचं काम बघत होता, त्याच्या मालकाला युरोपातून येणाऱ्या फुटबॉलवेड्यांसाठी लॉबीत डोंगरातला ओढा हवा होता. बाहेर डांबर वितळत असताना आत काचेच्या भिंतीमधून बर्फासारखं पाणी वाहणार, त्यात जिवंत ट्राउट पोहणार, आणि पाहुणा बोट दाखवील तो मासा ताटात येणार. श्यामनं ही कल्पना ऐकली तेव्हा मनातल्या मनात तिला अतिमूर्खांच्या कप्प्यात टाकलं आणि तोंडानं “एक्सलंट, सर” म्हटलं.

पाणी त्यानं खरंच उत्तम गार केलं. ट्राउट विमानानं आले, ओढ्यात सोडले गेले, आणि त्यांनी खाणं बंद केलं.

आता पंचाईत अशी, की मालक हॉटेल बघायला येणार होते आणि त्यांना मासे खाताना बघायचे होते. हॉटेलचा जनरल मॅनेजर जियाद, एक घामेजलेला लेबनीज, श्यामला म्हणाला, “पाणी तुझं, तेव्हा मासेही तुझे. तुझा करार वाढवायचं आपण मालक येऊन गेल्यावर बघू.” श्यामची मुलगी अंतरा बारावीत होती. करार गेला तर व्हिसा गेला, आणि ऐन परीक्षेच्या वर्षात मुलीला शाळेतून काढून नाशिकला न्यायचं, हे श्यामला स्वप्नातसुद्धा नको होतं. पहिल्यांदाच त्याची भूक दुसऱ्या कुणाच्या भुकेवर अवलंबून होती.

मग सुरू झाला तमाशा. जो तो येऊन काचेला नाक लावायचा आणि काहीतरी टाकायचा. शेफनं कोंबडीची काळजं कापून टाकली. जियादनं डब्यातल्या खाद्याच्या गोळ्या मूठमूठ उधळल्या. खरेदी बघणारा अब्बास, मूळचा रत्नागिरीचा आणि आता अल वक्राचा, सोललेली कोळंबी घेऊन आला. “आमच्या खाडीतला मासा ह्याच्यावर जीव टाकतो,” तो म्हणाला. ट्राउटनं कोळंबी तोंडात घेतली, जराशी चाखली आणि थुंकून टाकली.

“अब्बासभाई, तुमच्या खाडीतला नाही हा,” श्याम म्हणाला. एरवी मासे खाणाऱ्यांकडे तो नाक वर करूनच बघायचा, आणि आता खुद्द मासेच आपल्याकडे तसं बघताहेत याचा त्याला मनापासून राग आला.

सगळे गेले की हा पठ्ठ्या स्वतः काय करायचा? तेच. चिमूटभर टाकायचा, बघायचा, पुन्हा टाकायचा. इथून नाही घेतलं तर तिथून. आधी नको म्हणताहेत, मग घेतील. आयुष्यभर ज्या आग्रहाची थट्टा केली तोच त्यानं माशांवर चालवला. मासे काही पाहुणे नव्हते. न खाल्लेलं अन्न तळाशी बसलं, कुजलं, पाणी दुधाळ झालं, आणि एका सकाळी काही मासे पांढरं पोट वर करून तरंगताना सापडले. श्यामनं ते जाळीनं काढले आणि जियादला सांगितलं की लोकांनी वाट्टेल ते टाकल्यामुळे हे झालं. लोकांत तो स्वतःही होता, हे सांगायचं त्यानं टाळलं.

ओढा साफ केला, पाणी बदललं. पुढे एका दुपारी विजेच्या टेस्टिंगसाठी लॉबीतले दिवे बंद होते आणि सगळे जेवायला गेले होते. श्याम खांबाआड बसून घरची पोळीभाजी खात होता. पंपाच्या तोंडाशी अडकलेली एक गोळी सुटली आणि प्रवाहाबरोबर वाहत निघाली. प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा असलेला एक ट्राउट जरासा वर आला, आणि गोळी त्याच्या तोंडात गेली. श्यामचा घास हातातच राहिला.

तेव्हा कुठे या विद्वानाच्या डोक्यात उजेड पडला. हा मासा अन्नाच्या मागे धावत नाही, वाहत येईल ते घेतो. तळाशी पडलेलं त्याच्या लेखी अन्नच नव्हे. आणि वर लखलखाट, पलीकडे हलणाऱ्या सावल्या, काचेला चिकटलेली नाकं, असं असताना तो जेवत नाही, कारण त्याला वाटतं की आता आपणच कुणाचं तरी जेवण होणार. आणि ते काही खोटं नव्हतं.

श्यामनं काचेवर काळा पडदा लावला, त्याला डोळ्याच्या उंचीवर एक फट ठेवली, दिवे मंद केले आणि गोळ्या पंपाच्या तोंडाशी, थोड्या थोड्या सोडायला लागला. मासे जेवायला लागले.

मालक आले. पांढरा लांब झगा, पांढरी दाढी, मागे सगळा गोतावळा. जियाद त्यांना फटीतून बघायला सांगायला धजेना, म्हणून श्याम पुढे झाला. म्हातारा कौतुकानं वाकला, फटीला डोळा लावला आणि बराच वेळ तिथून हललाच नाही. मग लहान मुलासारखा हसला. “यल्ला, चला, आता जेवू,” मालक म्हणाले, “आणि हा माणूस माझ्या शेजारी बसेल.”

ताटं आली. ताटात अर्थातच ट्राउट होते, सकाळपर्यंत श्यामच्या हातचं खाल्लेले. मालकांनी बोटांनी माशाच्या पोटाकडचा उत्तम तुकडा काढला आणि श्यामच्या ताटात ठेवला.

“नो थँक यू, सर,” श्याम म्हणाला.

मालक हसले. पाहुणा लाजतोय. त्यांनी दुसरा तुकडा ठेवला.

“रिअली, सर, इनफ.”

तिसरा तुकडा आला. अब्बाससकट टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे बघत होते. समोर जियाद होता, आणि जियादच्या तोंडावर श्यामला आपला करार दिसत होता, अंतराची शाळा दिसत होती. वरचे दिवे लखलखत होते. मी मासे खात नाही, एवढंच वाक्य होतं. परक्या माणसाला चहाच्या आधी सांगायचं ते वाक्य आज तोंडातून निघेना. श्यामनं तुकडा उचलला आणि तोंडात घातला. ट्राउटनं कोळंबी थुंकली होती तशी सोय त्याला नव्हती. त्यानं गिळलं. मालक खूश होऊन अजून वाढत राहिले, आणि तो ताटाकडे बघत खात राहिला.

जेवण उरकल्यावर अब्बासनं त्याला बेसिनपाशी गाठलं. श्याम साबणानं तिसऱ्यांदा हात धूत होता.

“काय हो श्यामराव, तुम्ही तर मासे खात नाही ना?”

“मालक वाढत होते. नाही कसं म्हणणार? करार आहे माझा.”

“मालकांनी स्वतः तरी कुठे खाल्ला? त्यांना मासा चालत नाही. शेफनं वाढायला घेतला तर छातीवर हात ठेवला, आभाराचं शुक्रन म्हणाले, खलास. इथं छातीवर हात ठेवला की पुढे कोणी एक घास वाढत नाही. एवढी वर्षं काढलीत इथं, ठाऊक नाही तुम्हाला?” अब्बास थट्टा करत नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. “आणि कराराचं म्हणाल तर जियादनं कालच कागद वर पाठवलेत. गार पाण्याचा दुसरा माणूस आता ऐनवेळी आणणार कुठून?”

श्यामनं नळ बंद केला. त्याला आरशात बघवेना. आपण घाबरून खाल्लं, आणि घाबरायचं काही कारणच नव्हतं, याची लाज त्याला त्या माशापेक्षा जास्त सलत होती.

घरी मृणालिनीनं ताट वाढून ठेवलं होतं. “कसं झालं?”

“झालं. करार वाढणार.”

“मग बस की. तिकडे काय जेवलास?”

“काही नाही,” श्याम म्हणाला. “तिकडे सगळं मासळीचंच होतं.”

“म्हणजे सकाळपासून उपाशी!” तिनं भात वाढला, वर वरण, वर तूप. “शाबास. दुसरा कोणी असता तर मोहात पडला असता.”

श्यामनं छातीवर हात ठेवला. “शुक्रन,” तो हळूच म्हणाला.

“हे काय नवीन?” म्हणत मृणालिनीनं आणखी भात वाढला, आणि तो संपेपर्यंत समोर बसून कौतुकानं त्याच्याकडे बघत राहिली.